मास्तरांचा बैठा डाव

मास्तरांच्या दोन्ही कानांत कायम कापूस असायचा. मिलमधून खिशात घालून आणलेला, मळकट. बरं, हा माणूस आधीच बारा आणे बहिरा. बहिऱ्यानं कानात कापूस कशाला घालावा असं कोणी विचारलं, की म्हणायचे, आतलं बाहेर सांडू नये म्हणून. आणि हे इतक्या मोठ्यानं म्हणायचे, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची.

चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला मास्तर म्हणायचं कारण एवढंच, की ते वस्तीला लेझीम शिकवायचे. एरवी ते मिलमध्ये विणकर. माग चालवण्यात वीस वर्षं गेलेली. शेकडो माग एकदम सुरू असले की तिथे कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात आणि उरलेलं हातानं सांगतात. धागा तुटला, साहेब आला, चहाला चल, बायकोचा ताप उतरला का, सगळ्याला खुणा. कान मिलमध्येच ठेवले आणि घरी नुसते डोळे घेऊन आले, असं त्यांची बायको म्हणायची. त्यांच्याशी बोलायचं तर ते आधी तुमची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवत आणि मग म्हणत, "हं, बोल आता." अशा माणसाशी खोटं बोलणं फार अवघड असतं. सगळ्या चेहऱ्यानं खोटं बोलावं लागतं.

गुपित हा प्रकार त्यांना जमायचाच नाही. एकदा आमच्या घरी येऊन त्यांनी आईला हळूच विचारलं, की तुझा नवरा परत प्यायला लागला का. हळूच म्हणजे त्यांच्या मते. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत ते पसरलं आणि बाबांनी लाजेकाजेस्तव पंधरा दिवस बाटलीला हात लावला नाही. आई तेव्हापासून मास्तरांना फार मानायची.

एका गोष्टीचा मात्र त्यांना खराखुरा राग होता. कोणी बसून बघत असलेलं त्यांना खपायचं नाही. लग्नात वाजंत्री सुरू झालं की ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून उभं करत. नवऱ्या मुलाच्या आत्याला एकदा असं ओढलं, तेव्हा तिनं त्यांना चांगल्या शिव्या घातल्या. मास्तर तिच्या ओठांकडे बघत होते, म्हणजे शिव्या पोचल्या होत्या. तरी तिला दोन पावलं टाकायला लावलीच.

मला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला आणि उजवा पाय वाळला. गुडघ्यावर हात दाबून तो पाय रोवायचा आणि मग दुसरं पाऊल उचलायचं, अशी माझी चाल. मैदानावर माझं काम ठरलेलं होतं, चपला राखायच्या. कबड्डी असो, क्रिकेट असो, मुलं येऊन माझ्यापुढे चपला काढत, सदरे टाकत, आणि मी त्या ढिगाजवळ बसे. कोणी वाईट वागत नव्हतं. उलट जाताना एखादा पाठीवर थाप मारायचा. त्या थापेनंही मला बरं वाटायचं, ही गोष्ट आज आठवली की माझा मलाच राग येतो.

आमची वस्ती रेल्वेलाइनीच्या पलीकडची, छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्यांची. लाइनीच्या अलीकडे एक व्यायामशाळा होती. पण तिच्या दारात मारुती होता आणि त्याला नमस्कार केल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, अशी तिथली रीत. आमच्या बापांनी देव सोडले होते, त्यामुळे आमची धडधाकट मुलंसुद्धा तिकडे फिरकत नसत. वस्तीला खेळ म्हणजे विहारासमोरचं मैदान आणि मास्तरांची लेझीम. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमचं पथक निघायचं, आणि त्या पथकात असलेल्या मुलाची कॉलर पुढचं वर्षभर ताठ असायची.

मी तेरा वर्षांचा होतो. पहिली पाळी संपवून मास्तर चारच्या सुमाराला मैदानावर आले आणि मला चपलांजवळ बसलेला पाहून थांबले. मग स्वतःच त्या ढिगाशेजारी मांडी घालून बसले आणि मला कोपरानं ढकललं. म्हणाले, चपला मी राखतो, तू जा खेळायला. मी त्यांना सांगितलं, की लेझीम दोन्ही हातांनी धरावी लागते आणि माझा एक हात गुडघ्यावर लागतो, मी चालता चालता खेळू शकत नाही. ते मला तोंड वर करून दोनदा सांगावं लागलं. अशी गोष्ट दोनदा सांगायला जीव जातो.

"मंग चालू नको," ते म्हणाले. "चालाले कोण सांगून राहिलं तुले?"

त्या दिवशी त्यांनी सगळ्या पथकाला जमिनीवर बसवलं. पाय लांब पसरून, दोन रांगा समोरासमोर. लेझीम डावीकडे, उजवीकडे, डोक्यावर, पायांच्या अंगठ्याशी. मोठी मुलं कुरकुरली, की चड्ड्या मळतात, खडे टोचतात. पण मास्तरांच्या बहिरेपणाचा एक फायदा होता. नको असलेलं बोलणं सुरू झालं की ते फक्त मान वळवायचे.

महिन्याभरात पथकात माझ्यासारखे आम्ही पाच जण झालो. तिघं पोलिओचे, एक फार कमी दिसणारा, आणि सुजाता. सुजाताला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. वस्ती तिला मुकी म्हणायची. तिच्यासारख्या मुलांची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती म्हणतात, पण रोज बस बदलून तिला तिथे न्यायचं कोणी? तिची आई तिच्याशी तीन खुणांनी बोलायची: जेव, झोप आणि नको. मास्तरांनी तिच्यापुढे बसून मिलच्या खुणा करायला सुरुवात केली आणि त्या पोरीनं तहानलेल्यानं पाणी प्यावं तशा त्या पिऊन टाकल्या. दोन महिन्यांत तिला साहेबाच्या नावानं विणकर ज्या खुणा करतात त्याही येत होत्या, आणि त्यातली एक तिनं विहारात भन्तेजींसमोर केली. सुदैवानं भन्तेजी मिलमध्ये कधी गेले नव्हते.

लेझीम तिच्याइतकी चांगली कोणाचीच नव्हती. आम्ही हलगी ऐकून पुढे धावायचो. ती फक्त मास्तरांच्या हाताकडे बघायची आणि तिचा हात कधी चुकायचा नाही. तिचं अकरावं वर्ष होतं. चारच्या आधी अर्धा तास ती मैदानात येऊन उभी असायची.

चुकांच्या बाबतीत मास्तरांचा एक विचित्र नियम होता. कोणाचा हात चुकला की ते खेळ थांबवत आणि चुकलेल्याला म्हणत, परत कर. त्यानं लाजत लाजत ती चूक परत करायची आणि मग सगळ्या पथकानं तीच चूक करायची. दहा वेळा, अगदी तालात. "एकल्याची चूक दिसते," ते म्हणत, "चोवीस जणायची केली का तो डाव होते." आमच्या पथकातले निम्मे डाव असे चुकांतून आले होते. एक माझाही होता. वर हात करताना माझा तोल गेला आणि मी शेजारी बसलेल्या सुजातावर आडवा झालो. मास्तरांनी सगळ्या रांगेला शेजाऱ्याच्या खांद्यावर कलायला लावलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. लांबून बघणारे सांगायचे, ज्वारीचं शेत वाऱ्यानं वाकावं तसं दिसतं. मी पडलो आणि त्याचा डाव झाला, हे सुख मला त्यानंतर कशानंच मिळालेलं नाही. नोकरी लागली तेव्हाही नाही.

मिरवणूक पंधरा दिवसांवर आली तेव्हा ती काढणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष विहाराच्या पायरीवर मास्तरांशी बोलायला आले. अध्यक्ष रेशनच्या ऑफिसात कारकून होते, भले गृहस्थ. मी तिथेच बसलो होतो. त्यांचं म्हणणं होतं, की त्या दिवशी सगळं नागपूर बघायला येतं आणि लोक आधीच आपल्याला कमी लेखतात. मग आपली तगडी मुलं पुढे दिसली पाहिजेत. पथक रस्त्यात बसकण मारून खेळलं तर लोकांना काय वाटेल? त्यांनी आमची सोयही शोधून ठेवली होती. ट्रकवर देखावा असायचा, राजपुत्र सिद्धार्थ रथातून निघतो आणि त्याला म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस दिसतो. त्यातला आजारी माणूस मला करायचा. चालायचा त्रास नाही आणि मिरवणूकही बघायला मिळेल. हे ते खरोखर मायेनं बोलत होते.

मास्तरांनी आधी धर्माची बाजू काढली. ती तीन-चार दृश्यांची गोष्ट आपल्यात मानतच नाहीत, हे मंडळाच्या अध्यक्षालाच माहीत नसावं का? अध्यक्ष म्हणाले, की माहीत आहे, पण लोकांना बघायला आवडते. तेव्हा मास्तरांचा आवाज चढला, म्हणजे होता त्याहून चढला.

"माहा पोट्टा बिमार नाही गा. त्याचा पाय वाळला हाये, बस. बिमार म्हून मी त्याले झोपू देनार नाही."

तीन दिवस भांडून त्यांनी परवानगी मिळवली. तीन चौकांत पाच-पाच मिनिटं पथक बसून खेळणार आणि मधल्या रस्त्यानं आम्हा तिघा पोलिओवाल्यांना मास्तरांचे मिलमधले सोबती खांद्यावरून नेणार. मास्तर घरोघर जाऊन आमच्या आयांना हे सांगून आले, म्हणजे वस्तीतल्या प्रत्येकाला हे कळलं. आणि त्या दिवसापासून मी पळवाट शोधायला लागलो.

मी भ्यायलो होतो, दुसरं काही नाही. मैदानात ठीक होतं. मोठ्या चौकात, माझ्या शाळेतली सगळी मुलं गच्चीवरून बघत असताना कोणाच्या तरी खांद्यावरून उतरायचं, फरपटत जागेवर जायचं, बसायचं, हे मी मनात रोज करून बघायचो आणि रोज मधेच सोडून द्यायचो. मास्तरांना सांगायला हवं होतं. पण त्यांना सांगायचं म्हणजे उजेडात तोंड धरून सांगायचं.

मिरवणुकीच्या दिवशी मी ठरलेल्या वेळी चारला निघालो. वाटेत देखाव्याचा ट्रक उभा होता, ट्यूबलाइटी लावलेला, कागदी फुलांनी सजलेला. अध्यक्षांचा मुलगा मुकुट घालून रथात बसला होता. तो माझ्या वर्गात होता आणि सहा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आजारी माणूस होणाऱ्या मुलाला सकाळपासून खरोखरच ताप भरला होता आणि अध्यक्ष हताश होऊन फिरत होते. मुकुटवाल्यानं वरून मला पाहिलं आणि विचारलं, "येतं का बे? जागा हाये."

मी हो म्हणालो. मला कोणी ओढलं नाही, कोणी धाक घातला नाही. मीच दोन्ही हात वर केले आणि ट्रकवरच्या मुलांनी मला उचलून घेतलं. अंगाला राख फासली, हळदीनं फोड काढले, फाटकं गोणपाट पांघरलं. राजपुत्र माझ्याशी हसला. मी मनाशी म्हणत होतो, पहिल्या चौकापर्यंतच, मग उतरू. पहिला चौक गेला, दुसरा गेला. एका बाईनं गर्दीतून हात लांब करून माझ्या उशाशी केळं ठेवलं.

मोठ्या चौकात ट्रक थांबला. पुढे आमचं पथक होतं. मास्तरांनी हात खाली केला तशी सगळी मुलं बसली, आणि वरून मला माझी जागा दिसली. पहिल्या रांगेत, उजवीकडून दुसरी. मास्तरांनी ती भरू दिली नव्हती. मी येईन म्हणून ते मागे बघत होते आणि हातानं ताल देत होते. हलगी वाजायला लागली. चार आवाजांचा डाव झाला, आठ आवाजांचा झाला, मग खास मोठ्या चौकासाठी राखून ठेवलेला कलण्याचा डाव आला. सुजाता नेहमीसारखी माझ्या खांद्यावर कलली. खांदा नव्हता. ती कोपरावर डांबरावर पडली आणि गच्चीवरची मुलं हसली.

मास्तर तिच्याकडे गेले नाहीत. त्याच क्षणी त्यांना ट्रकवर मी दिसलो होतो. ते गर्दी कापत आले आणि अध्यक्षांची गचांडी धरली. माझ्या पोट्ट्याला उचलून नेलं म्हणून ते ओरडत होते आणि हलगी वाजत असूनही ते सगळ्या चौकाला ऐकू जात होतं. अध्यक्ष गुदमरत म्हणाले, त्यालाच विचारा. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ट्यूबलाइट माझ्या तोंडावरच होती. मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाचे डोळे मिटलेलेच असतात, त्यामुळे ते देखाव्यात शोभूनही दिसलं असेल.

मी घाबरून बोलत नाही, असा त्यांनी अर्थ घेतला. अध्यक्षांना सोडून ते तिथूनच घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता मैदानात आले नाहीत, आणि मग कधीच आले नाहीत. मंडळाच्या मैदानात, मंडळाच्या लेझमा घेऊन खेळायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. अध्यक्ष दोनदा समजूत काढायला गेले. मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहायचंच नाकारलं, आणि ते पाहणार नसतील तर त्यांना काही सांगताच येत नसे. पथक पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हाताखाली निघालं, उभ्यानं खेळणारं. आम्हा पाच जणांना त्यात काम नव्हतं; हातानं ताल दाखवणारं कोणी नाही म्हणून सुजातालाही नाही. सुजाता महिनाभर चार वाजता मैदानात जाऊन उभी राहत असे. मग तिच्या आईनं तिला बिड्या वळायला बसवलं.

मला मास्तर रस्त्यात भेटले की डोक्यावर हात ठेवत. त्यांच्या लेखी मी अन्याय झालेला मुलगा होतो. मी तो हात चौदा वर्षं डोक्यावर ठेवून घेतला.

पुढे राखीव जागेतून मला सदर भागातल्या एका ऑफिसात टेलिफोनवर नोकरी लागली. दिवसभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलायचं काम, मला ते बरं पडायचं. मास्तर तोपर्यंत मिलमधून निवृत्त झाले होते, खंगले होते, कापूस मात्र कानांत तसाच होता. अध्यक्ष वारले त्या आठवड्यात मी मास्तरांकडे गेलो. मास्तर मयतीला गेले नव्हते. गेलेल्या माणसाबद्दलही ते त्याच रागानं बोलले, की पोराला उचलून नेलं त्यानं. तेव्हा मला ते सहन झालं नाही. मी दाराशी उजेडात बसलो, त्यांच्याकडे तोंड केलं आणि सांगितलं, की मला कोणी नेलं नव्हतं, मी स्वतः चढलो होतो.

त्यांनी मला परत सांगायला लावलं. आपल्या डोळ्यांनी नीट वाचलं नाही असं त्यांना वाटलं असावं. मी एकेक शब्द सुटा करून परत सांगितलं, भ्यायलो होतो म्हणून, आणि लाज वाटत होती म्हणून. त्यांना राग आला नाही. रागाची मी तयारी करून गेलो होतो. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा आवाज लहान ऐकू आला.

"मंग त्या चार पोट्ट्यायले काहून घरी बसवलं मी?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. सुजाताकडे चल म्हणाले. बाकीचे तिघं कुठेकुठे निघून गेले होते, ती तेवढी त्याच घरात होती. आम्ही दोघं गेलो, ते म्हातारपणानं हळू आणि मी माझ्या चालीनं, म्हणजे बरोबरीनं. सुजाता ओसरीत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. पंचवीस वर्षांची झाली होती, चाळिशीची दिसत होती. मास्तरांना पाहून ती हसली. मास्तर तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि त्यांनी हात उचलले. मिलच्या खुणा त्यांच्या बोटांत अडखळत होत्या. तिला किती आठवत असतील कोण जाणे, पण ती त्यांच्या हातांकडे पूर्वीसारखीच टक लावून बघत होती. ते तिला मी काय केलं ते सांगत होते. मधेच बोट माझ्याकडे वळलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दोरा खाली ठेवला आणि त्यांना काहीतरी बराच वेळ सांगितलं. तिनं आपलं कोपर दाखवलं. मास्तरांचे हात मांडीवर पडले.

मी विचारलं, काय म्हणते?

"तिले कोणी सांगतलंच नव्हतं," मास्तर म्हणाले. "थे म्हणते, मी चौकात पडली, मास्तरची इज्जत गेली, म्हून मास्तरनं लेझीम बंद केली. माह्याच चुकीनं बंद झाली, असं धरून बसली होती थे. आजवरी."

मी सुजाताला म्हणालो, की चूक माझी होती. तोंडानं म्हणालो, कारण मला खुणा कधी आल्याच नाहीत, चौदा वर्षांत मी तिच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. तिनं माझ्या ओठांकडे बघून मान हलवली. कळलं म्हणून हलवली, की जाऊ दे म्हणून, ते मी मास्तरांना विचारलं नाही. मग तिनं सूप पुढे ओढलं आणि पान उचललं. संध्याकाळी बिड्या न्यायला गाडीवाला यायच्या आत तिला हजार बिड्या पुऱ्या करायच्या होत्या.